पाण्यात राहून कोरा!

दिवाळीच्या आधी नव्या पणत्या बाजारातून आणल्या, की त्या बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावयाच्या, हे कोणत्याही घरात कुणाला शिकवावे लागत नाही. पणती बुडताच तिच्या अंगातून चुर्र आवाज करीत बुडबुड्यांची माळ वर येते, आणि ती थांबली म्हणजे पणतीची तहान भागली असे आपण समजतो. ही तहान आधी भागवली नाही, तर वातीच्या वाट्याचे तेल पणती स्वतःच पिऊन टाकते. भाजलेल्या मातीच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांत हवा भरलेली असते. पाणी आत शिरते आणि हवेला बाहेर हुसकते. एवढीच या गोष्टीतली विद्या आहे.

आता अशी एक पणती डोळ्यांसमोर आणा, की जी मातीची नसून धातूची आहे, जी सदाच पाण्यात बुडालेली आहे, आणि जिच्या छिद्राछिद्रांत वायू नव्याने जन्माला येत आहे. तिच्या छिद्रांत पाणी टिकेल, की वायूच तेथे ठाण मांडून बसेल? पुढच्या काळात शेतकऱ्याच्या खताचा, आणि म्हणून आपल्या ताटातल्या पोळीचा भाव या प्रश्नाच्या उत्तरावर काही अंशी अवलंबून राहणार आहे. म्हणून फराळाच्या ताटाबरोबर हा विषय वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

माझा आणि या विषयाचा संबंध जुना आहे. मुंबईच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात, हायड्रोजन खात्यात, मी सत्तावीस वर्षे काढली, आणि आता गोदावरीच्या काठी पुणतांब्यास येऊन राहिलो आहे. वनस्पती तुपाचा आणि हायड्रोजनचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने पातळ तेलात निकेलच्या बारीक भुकटीच्या साहाय्याने हायड्रोजन मुरवून ते घट्ट करण्याची रीत काढली. आपल्याकडे १९३७ साली डालडा बाजारात आला तो याच रीतीने. पुष्कळ कारखाने त्यासाठी लागणारा हायड्रोजन आपल्या आवारातच, विजेने पाणी फोडून तयार करीत.

पाणी फुटते कसे?

व्होल्टाने आपली विजेची चळत जगापुढे मांडली ते साल १८००. त्याच साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या चळतीच्या तारा पाण्यात सोडल्या आणि दोन्ही तारांवर बुडबुडे येताना पाहिले. एका तारेवर प्राणवायू, दुसरीवर हायड्रोजन. ज्या तारेवर हायड्रोजन निघतो तिला ऋणाग्र म्हणतात. आजची माझी सारी कथा या ऋणाग्राचीच आहे.

कारखान्यात तारांच्या जागी मोठमोठे पत्रे असतात आणि साध्या पाण्याच्या जागी कॉस्टिक पोटॅशचे द्रावण असते. शंभर भागांत पंचवीस ते तीस भाग पोटॅश, आणि उष्णता सत्तर-ऐंशी अंश. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून पोटॅश घालावयाचा. तो खर्ची पडत नाही. खर्ची पडते ते पाणी, आणि त्याहून कितीतरी अधिक मोलाची वीज.

या विजेचा हिशेब सोपा आहे, आणि तो वाचकांनी एकदा समजून घ्यावा. एक किलो हायड्रोजन काढण्यास दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते. कितीही कसब केले तरी पाणी १.२३ व्होल्टच्या खाली फुटत नाही, आणि लागणारी उष्णताही विजेनेच पुरवायची म्हटले तर १.४८ व्होल्ट हवेत. प्रत्यक्षात सेलला १.८ पासून २.२ पर्यंत व्होल्ट द्यावे लागतात. दोन व्होल्ट धरले तर किलोमागे सुमारे ५३ युनिट झाले. १.४८ च्या वर जे काही जाते, ती आमच्या धंद्यातली निव्वळ उधळपट्टी. तिचा काही भाग द्रावणातून वीज जाताना गळतो, काही धनाग्रावर, आणि काही आपल्या ऋणाग्रावर.

मुक्ताबाईंचा शब्द

खात्यात नवा पत्रा आला, की आमचे फोरमन तो आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुऊन घेत. मग त्यावर स्वच्छ पाणी ओतून पत्रा उभा धरीत. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर पत्रा पास. कोठे पडदा फाटून थेंब गोळा झाले, की तेथे तेलाचा अंश उरला असे समजून पत्रा पुन्हा धुण्यास जाई. मी नवीन असताना त्यांना विचारले, “साहेब, पत्रा तर जन्मभर द्रावणातच बुडून राहणार. मग एवढी धुण्याची घाई कशाला?” ते म्हणाले, “अहो, बुडणं निराळं आणि भिजणं निराळं. अळूचं पान तळ्यात बुडवा. बाहेर काढाल तेव्हा कोरंच असेल.”

बुडणे आणि भिजणे यांतला हा भेद पुणतांब्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. योगी चांगदेवांची समाधी आमच्या गावी आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र धाडले आणि ते पाहून, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. आयुष्यभर पाण्यात राहून कोरे राहण्याची ही गत धातूच्या पत्र्यालाही येते, आणि तेथे तिची किंमत विजेच्या बिलात मोजावी लागते.

ती कशी ते पाहा. जो पृष्ठभाग द्रावणाला आवडीने अंगावर घेतो, त्यावर हायड्रोजनचा बुडबुडा गोल राहतो, बारीक असतानाच सुटतो आणि वर निघून जातो. जो पृष्ठभाग तेलकट, त्यावर बुडबुडा भाकरीसारखा पसरतो आणि चिकटून बसून फुगत राहतो. बुडबुड्याने झाकलेल्या जागी द्रावण नाही. द्रावण नाही तेथे काम नाही. मग उरलेल्या जागेवर विजेची गर्दी होते आणि तिला रेटण्यास जादा व्होल्ट लागतात. शिवाय बुडबुड्यांच्या दाटीतून वाट काढताना द्रावणातली वीजही अडखळते, ते निराळेच.

एका ग्रॅममध्ये एक ब्लॉक

गर्दीने व्होल्ट वाढतात, हे युलिउस टाफेल या रसायनज्ञाने १९०५ साली नियमात बसवले. निकेलसारख्या धातूवर विजेची गर्दी दहापट झाली, की सुमारे ०.१२ व्होल्ट जादा द्यावे लागतात. हा नियम उलट वाचला की त्यातून एक युक्ती निघते. पत्र्याची लांबीरुंदी तीच ठेवून त्याचे खरे क्षेत्रफळ दहापट केले, तर तेवढीच वीज दहापट जागेत वाटली जाईल आणि ०.१२ व्होल्ट वाचतील. म्हणजे किलोमागे तीन युनिटांहून थोडे अधिक! शंभरपट केले तर याच्या दुप्पट.

लांबीरुंदी न वाढवता क्षेत्रफळ वाढवावयाचे म्हणजे धातूला छिद्रे पाडावयाची. आणि येथे पुन्हा वनस्पती तुपाशी गाठ पडते. अमेरिकेत मरे रेनी नावाचा एक इंजिनिअर सरकीच्या तेलाच्या कारखान्यात होता. तेल घट्ट करण्यास अधिक चलाख निकेल हवे म्हणून १९२० नंतरच्या दशकात त्याने एक रीत काढली. निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वितळवून मिश्रधातू करावयाचा आणि मग त्यातले अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवून टाकावयाचे. मागे राहतो तो निकेलचा नुसता सांगाडा, स्पंजासारखा. या रेनी निकेलच्या एका ग्रॅममध्ये शंभर चौरस मीटरच्या घरात पृष्ठभाग सापडतो. मुंबईकरांच्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर भुकटीत हजार चौरस फुटांचा ब्लॉक! हे निकेल कोरडे करून उघड्यावर ठेवले तर आपोआप पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली साठवतात. तेलासाठी शोधलेला हा सांगाडा पुढे हायड्रोजनच्या ऋणाग्रावर लेप म्हणून चढला. निकेलची भुकटी दाबून, भाजून केलेले सच्छिद्र पत्रे आले. निकेलचा फेस थिजवावा तशा जाळ्याही आल्या.

आता मघाचा हिशेब शंभर-हजारपटीने वाढवून वाचक म्हणतील, की मग तर सारा प्रश्नच सुटला. तो सुटला नाही. क्षेत्रफळाचा नफा पदरात पडतो तो जेवढ्या छिद्रांत द्रावण पोचते तेवढ्यापुरताच. छिद्र कोरे राहिले, तर कागदावरचा तो ब्लॉक कुलूप लावून ठेवल्यासारखाच आहे.

घासणीचा प्रयोग

हे घरी पाहता येते. सुट्टीत नातवंडे पुणतांब्यास आली म्हणजे मी ओसरीवर हा खेळ मांडतो. काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. मीठ घालू नये, त्याने विषारी क्लोरीन निघतो. टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडावेत. भिंतीतल्या विजेला हात लावू नये. धनाग्र म्हणून जुन्या सेलमधली कोळशाची कांडी चालते. आणि ऋणाग्र म्हणून भांडी घासण्याची स्टीलची घासणी! सच्छिद्र धातूचा याहून स्वस्त नमुना मला ठाऊक नाही. खेळ उघड्या हवेत करावा आणि जवळपास काडी ओढू नये.

पहिल्याने घासणी पुडीतून काढून तशीच बुडवावी. तिच्या तारांवर यंत्राच्या तेलाचा पुसटसा हात असतो. बुडबुडे येतात, पण गलेलठ्ठ. ते तारांच्या गुंत्यात अडकून बसतात. बोटाने टिचकी मारली की भसकन सुटतात, आणि पुन्हा भरतात. मग तीच घासणी सोड्याच्या पाण्यात चांगली उकळून, धुऊन पुन्हा लावावी. आता बुडबुडे इतके बारीक, की बरणीतले पाणी ताकासारखे दिसू लागते. सेल तेच, घासणी तीच. फरक फक्त भिजण्याचा.

मात्र धुतल्या घासणीच्या आतही, अगदी गाभ्याशी, काही बुडबुडे अडकून राहतातच. कारखान्यातल्या सच्छिद्र ऋणाग्रापुढची खरी अडचण हीच आहे.

बोळातली रहदारी

छिद्राची रुंदी काय असावी? रुंद छिद्रात बुडबुडा सहज धरतो आणि सहज निघतो. पण रुंद छिद्रांनी क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. अरुंद छिद्रांत क्षेत्रफळ भरपूर, पण तेथे द्रावणाचा पृष्ठताण आडवा येतो. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाइतक्या रुंद नळीत बुडबुडा धरावयाचा, तर साध्या पाण्याच्या हिशेबाने वातावरणाच्या सुमारे १.४ पट जादा दाब लागतो. नळी याच्या दहाव्या हिश्शाने रुंद असली तर १४ पट. एवढा दाब सहसा येत नाही, म्हणून चांगल्या भिजलेल्या अतिबारीक छिद्रात बुडबुडा धरतच नाही. हायड्रोजन द्रावणात विरघळलेल्या रूपातच हळूहळू तोंडाकडे सरकतो. हे चांगलेच, कारण छिद्र ओले राहते. पण छिद्र खोल असेल तर सरकण्यास वेळ लागतो, आत हायड्रोजन साचतो आणि तळाचा भाग रिकामा बसून राहतो. विजेचीही तीच तऱ्हा. तिला द्रावणातून आत शिरण्यापेक्षा तोंडाशीच काम उरकणे सोपे पडते. म्हणून लेप जाड केला की फायदा वाढतच जातो, असे होत नाही. काही जाडीनंतर तो नुसता निकेलचा खर्च.

आणि धातूने जर द्रावण अंगाला लावून घेतले नाही, तर अरुंद छिद्र सर्वांत वाईट. पृष्ठताण मग उलट वागतो. द्रावणाला आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतो, आणि एकदा शिरलेला वायू तेथे घर करून राहतो. पुणतांबा हे दौंड-मनमाड मार्गावरचे जंक्शन. फलाटावरचा नियम येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे, मग चढावे. छिद्राच्या दाराशी हायड्रोजन उतरावयाचा आहे आणि द्रावण चढावयाचे आहे. दार एकच. भिजका धातू हा नियम पाळतो, कोरडा धातू दारातच अडवणूक करतो.

म्हणून आजचे संशोधक एकाच मापाची छिद्रे ठेवीत नाहीत. रुंद पेठा ठेवावयाच्या आणि त्यांना फुटणारे आखूड बोळ ठेवावयाचे. काम बोळांत चालावे आणि वायू पेठेतून निघून जावा. धातूच्या पृष्ठभागावर इतके बारीक खडबडीतपण आणावयाचे, की बुडबुड्याला पाय रोवण्यास जागाच मिळू नये. नवा सच्छिद्र पत्रा द्रावणात उतरवतानाही घाई करून चालत नाही. एकदम बुडवला तर आतली हवा कोंडली जाते. म्हणून एका कडेने हळूहळू उतरवावा, किंवा आधी हवा पंपाने ओढून घ्यावी. पणती पाण्यात सोडण्याच्या शहाणपणाहून हे फारसे वेगळे नाही.

आमच्या भागातला शेतकरी हे सारे एका शब्दात ओळखेल. तो शब्द म्हणजे वाफसा. जमिनीच्या छिद्रांत ओल आणि हवा यांचा मेळ बसला म्हणजे वाफसा आला. कालव्याचे पाणी बेसुमार दिले की छिद्रे पाण्याने तुंबतात, हवा निघून जाते आणि ऊस पिवळा पडतो. ऋणाग्राची तऱ्हा उलटी. तेथे छिद्रे तुंबतात ती वायूने. रोग वेगळा, पण निदान सारखेच आहे. नुसती छिद्रे असून भागत नाही, त्यांतली ये-जा चालू राहिली पाहिजे.

ट्रॉम्बे आणि नांगल

हे सारे परदेशातच चालले आहे असे मात्र नाही. मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेलचे विद्युदग्र असलेले पाणी फोडण्याचे संच स्वतः तयार केले आणि ते तंत्र उद्योगांना देऊ केले. सच्छिद्र निकेलमुळे तेवढ्याच आकाराच्या पत्र्यातून कितीतरी अधिक वीज नेता येते. म्हणजेच संच लहान आणि वायू भरपूर.

आणि पाण्यापासून खत ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. पंजाबात नांगल येथे भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून, त्या हायड्रोजनपासून खत करण्याचा मोठा कारखाना १९६० च्या सुमारास उभा राहिला. त्याच्याच जोडीला १९६२ साली जड पाण्याचा कारखाना निघाला. पुढे वीज इतर कामांना हवी झाली, खनिज तेल आणि वायू यांपासून हायड्रोजन काढणे स्वस्त पडू लागले, आणि ही रीत मागे पडली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले, तेव्हा ती कल्पना पुन्हा पुढे आली. या वेळी वीज धरणाची नव्हे, मुख्यतः उन्हाची आणि वाऱ्याची.

गोणीचा हिशेब

१ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची हाक पुणतांब्याने दिली होती. शेतीचा खर्च आणि मालाचा भाव हा येथे पारावरचा रोजचा विषय. मध्यंतरी शेजारचा एक तरुण शेतकरी मला म्हणाला, “अण्णा, पेपरात आलंय, पाण्यापासून खत करणार म्हणे. खरं हाय का? का नुसतंच बोलणं?”

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला, तोच येथे देतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीसाठी सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, आणि तेवढ्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. आज तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून येतो, आणि त्या वायूचा मोठा वाटा परदेशातून जहाजाने. हाच हायड्रोजन पाण्यापासून काढावयाचा तर चाळीस लिटर पाणी पुरे. म्हणजे दोन-तीन घागरी. पाणी मात्र अगदी निर्मळ हवे. आमच्या विहिरींचे जड पाणी तसेच घातले तर क्षार साचून तीच मोलाची छिद्रे बुजतील. युरियासाठी कार्बन डायऑक्साइडही लागतो. नैसर्गिक वायूच्या रीतीत तो आयता मिळतो. नव्या रीतीत तो दुसरीकडून आणावा लागेल. मळीपासून मद्यार्क करताना तो निघतोच, आणि नगर जिल्ह्याला मळीची वाण नाही.

उरली वीज. सेल दोन व्होल्टवर चालला तर गोणीला सुमारे २४० युनिट, १.८ व्होल्टवर चालला तर सुमारे २१५. फरक चोवीस-पंचवीस युनिटांचा. दहा वॉटचा दिवा रोज पाच तास लावला तर तेवढ्या विजेत तो सव्वा वर्षाहून अधिक जळेल, आणि ही बचत एका गोणीमागची. देशात अशा गोण्या किती लागतात याची कल्पना वाचकांनीच करावी.

“म्हंजे सगळं त्या जाळीवर हाय म्हणा की!” तो म्हणाला.

सगळे नाही, पण बरेचसे. विजेचा दर, संचाची किंमत, धनाग्राची कामगिरी, हे सारे आहेच. निकेलची जाळी वर्षानुवर्षे तशीच चलाख राहिली पाहिजे, हाही मोठा प्रश्न आहे. संच बंद-चालू झाला की नाजूक सांगाडे खराब होतात, आणि उन्हाची वीज तर रोज संध्याकाळी बंद पडणार. पण २०० युनिटांच्या पलीकडची ही लढाई शेवटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या छिद्रांत, ओल आणि वायू यांच्यात लढली जाणार, यात मला शंका नाही.

तेव्हा वर्तमानपत्रात हरित हायड्रोजनचे मोठे मथळे दिसले, की वाचकांनी टनांचे आणि कोटींचे आकडे बाजूला ठेवून एकच आकडा शोधावा. किलोमागे किती युनिट? तो ५३ वरून ४८ वर आला असेल, तर कोठेतरी कुणीतरी धातूला नुसते बुडवले नाही, नीट भिजवले आहे असे समजावे.